बाहुलीचा आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी एका रबरी बाईचा आवाज आहे. या वयात नोकरी मिळाली ती ही.

नर्सिंग कॉलेजच्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सराव-केंद्र आहे. तिथे खऱ्यासारखा वॉर्ड मांडलाय. पलंग, पडदे, सलाइनचे स्टँड, हात धुवायचं बेसिन. पलंगावर माणसाच्या मापाची बाहुली. तिची छाती वर-खाली होते, मनगटाला नाडी लागते, बुबुळं आकसतात, कपाळाला घामसुद्धा येतो. बोलता तेवढं येत नाही. ते मी करायचं. पलंगासमोरच्या भिंतीत एकतर्फी काच आणि काचेमागे कपाटाहून जरा मोठी खोली. तिथे मी आणि माइक. मला विद्यार्थी दिसतात, त्यांना मी दिसत नाही. बाहुलीच्या उशीखाली स्पीकर लपवलाय, त्यातून मी बोलते.

"तुम्ही विमानतळावर उद्घोषिका होतात ना?" डायरेक्टरबाई म्हणाल्या. त्या स्वतः डॉक्टर आहेत, आणि याची त्या दर दोन वाक्यांनंतर आठवण करून देतात. "मग तुम्हाला यात नवीन काही नाही."

नाहीच. जन्मभर लोकांना न दिसता त्यांच्याशी बोलत आले. कुणी कधी उलटून उत्तर दिलं नाही, एवढं एक त्या नोकरीत बरं होतं.

बाहुलीचा श्वास, नाडी, घाम सगळं शेजारच्या तंत्रज्ञाच्या बटणांवर चालतं. मी त्याला बटणवाला म्हणते. तो मला मॅडम म्हणतो आणि माझ्या पर्सला भितो. त्याने एक नियम समजावला.

"माइकवर तुम्ही जे बोलाल, ते पेशंट बोलला असं धरतात. खरोखर काही झालं, कुणाला चक्कर आली, शॉक बसला, तर दोनच शब्द. 'सराव बंद.' ते ऐकलं की सगळे जागच्या जागी थांबतात."

"आणि नुसतं 'थांबा' म्हटलं तर?"

"तर पेशंट 'थांबा' म्हणाला. पेशंट काय, वाट्टेल ते म्हणतात."

लिफ्ट बंद आहे. नवी इमारत आणि लिफ्ट बंद! जिने चढून जीव मेटाकुटीला आला. रखवालदाराला चार शब्द सुनावले, तेव्हा बरं वाटलं.


६ फेब्रुवारी, गुरुवार

या मुलांना कुणी शिकवलंय की नुसतं पाठ करून घेतलंय?

एक आहे, त्याचं नाव मी पोपट ठेवलं. दारातूनच सुरू होतो. "नमस्कार आजी, मी आज तुमची काळजी घेणार आहे, तुमच्या मनात काही शंका आहे का?" हे सगळं एका श्वासात. माझ्या मनात शंका होती. ती विचारायला मी तोंड उघडेपर्यंत तो रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून मोकळा. त्याला पूर्ण गुण. गुणांचा तक्ताच तसा आहे: ओळख सांगितली, एक गुण. शंका आहे का विचारलं, एक गुण. उत्तर ऐकलं का, याला रकानाच नाही.

आणि एक मुलगी आहे. ती बोलतच नाही! आत येते, हात धुते, पलंगाशी उभी राहते. बाहुलीच्या छातीवर तळवा ठेवते आणि बघत बसते. काय बघते देवाला ठाऊक. रबर आहे बाई ते! शेवटी मीच उशीतून म्हटलं, "अगं, कोण तू? भूतबीत आहेस का?" बाकीची मुलं फिदीफिदी हसली. ती नुसती मान हलवते. तिचं नाव मुकी. शून्य गुण मिळाले असणार, आणि तेच योग्य आहे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कुणी असं पुटपुटलं तरी नन खडू फेकून मारायच्या.

जबड्यात पुन्हा कळ. ती डावीकडची दाढ. कवळी करून घेतली तेव्हा हिलाच तेवढं ठेवलं होतं, आता उपकार फेडतेय.


१० फेब्रुवारी, सोमवार

आज संहितेवरून खटका उडाला. केस अशी: हृदयविकाराचा झटका आलेली आजी. माझ्या तोंडी वाक्य दिलेलं: "माझ्या छातीत असह्य कळ येत आहे व ती डाव्या हातात पसरत आहे."

"अशी कुठली बाई बोलते?" मी विचारलं. "ही काय हवामानाचा अंदाज सांगतेय?"

डायरेक्टरबाई म्हणाल्या, "मग तुमच्या पद्धतीने बोला, मुद्दे तेवढे आले पाहिजेत."

बोलले. "काही नाही गं, जरा दमलेय. जिना चढले की इथे जबड्याशी कुणी आवळल्यासारखं होतं. दुखत नाही, जड वाटतं. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, ओला टॉवेल पिळल्यासारखं. बसलं की जातं. अपचन असेल. उगाच तुम्हाला त्रास."

काचेपलीकडे तीन-चार मुलं लिहून घ्यायला लागली. केस संपल्यावर डायरेक्टरबाई स्वतः काचेमागे आल्या. "किती हुबेहूब! बायकांना असंच होतं. अगदी पुस्तकात दिलंय तसं. कुठून आणता हो हे?"

"निरीक्षण," मी म्हटलं. आता मला होतं ते जिन्यामुळे आणि दाढेमुळे, पण उसनं वापरायला काय हरकत?

खरं सांगायचं तर मजा आली. घरात आणि कॉन्व्हेंटात आम्हाला एकच शिकवण, की कुरकुर करायची नाही. गुडघे फुटले तरी "बरी आहेस?" ला "बरी आहे, सिस्टर." नवरा गेला तेव्हा ऑफिसातल्या लोकांनाही "मजेत" म्हणाले होते, जीभच तशी वळते. आज मात्र पगारी कुरकुर केली. घसा मोकळा झाला.

घरी आल्यावर दोन तास एक शब्द बोलले नाही. बोलायचं कुणाशी? फ्रिज गुरगुरतो, त्याला म्हटलं गप्प बस.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीचा फोन. वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला.

धाकटी म्हणजे माझी बहीण. दोन बस बदलून तिचं घर. दिवाणखान्यात सदैव टीव्ही, नातवंडं आणि तिच्या तोंडाचा पट्टा. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "ताई, एकटी किती दिवस राहणार? आमच्याकडे ये. मागची खोली देते तुला."

मागची खोली! जुनी ट्रंक आहे का मी? मोडका पंखा? माणूस पाहुण्यालासुद्धा पुढे बसवतो. मी म्हटलं, "मागच्या खोलीत तू तुझं लोणचं ठेव." आणि फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही, ही या शोधातली मोठी उणीव. नुसतं बोटाने दाबायचं, रागाची काही शोभाच राहत नाही.

ती काहीतरी पुढे बोलत होती. ऐकलं नाही.


१७ फेब्रुवारी, सोमवार

दाताच्या डॉक्टरकडे गेले. फोटो काढला, ठोकून पाहिलं, म्हणतो दाढ ठणठणीत आहे. "दाढेचं दुखणं जिना चढताना येत नाही, आजी. एकदा फिजिशियनला दाखवा."

आजी! याच्या वयाच्या मुलांना मी विमानं चुकवू दिली नाहीत. फी घेतली आणि वर दुसऱ्याकडे पाठवतोय. आपल्याला जमत नाही म्हणावं सरळ.

दाखवीन कधीतरी. फिजिशियनकडे गेलं की विचारतात, बरोबर कोण आलंय.


२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जरा जास्तच बोलले.

पोपटाची पाळी होती. त्याने ठरल्याप्रमाणे विचारलं, "घरी कोण कोण असतं आजी?" संहितेत उत्तर होतं, "मुलगा आणि सून." माझ्या तोंडून गेलं, "कुणी नाही रे. सकाळी दुधाची पिशवी उचलायला दार उघडते, तेवढंच उघडतं. रविवारी मी स्वतःशी मोठ्याने बोलते, आवाज शाबूत आहे का बघायला."

"समजू शकतो, आजी," तो म्हणाला आणि घड्याळाकडे बघून नाडी मोजायला लागला. सहानुभूती दाखवली, एक गुण.

मग मुकी आली. हात धुतले. बाहुलीच्या छातीवर तळवा ठेवला. उभी. मला इतका संताप आला की मी उशीतून ओरडले, "अगं बोल ना काहीतरी! मेलेय का मी?"

ती बाहुलीच्या तोंडाजवळ वाकली. हळूच म्हणाली, "तुम्ही बोला. मी ऐकतेय."

मला एकदम काही सुचेना. उभ्या जन्मात माइकपुढे माझी वाचा बसली नव्हती. बटणवाला माझ्याकडे बघतोय. घंटा होईस्तोवर मुकीने छातीवरचा हात उचलला नाही. आणि मला उगाच माझा स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

नापास केलं तिला. दुसऱ्यांदा. सहा मार्चला शेवटची संधी, नाहीतर वर्ष पुन्हा. बटणवाला सांगत होता, ती घरातली पहिली शिकणारी, फी कशीबशी भरलीय.

मी म्हटलं, मग बोलावं ना माणसाने.


२४ फेब्रुवारी, सोमवार

डायरेक्टरबाईंनी बोलावून घेतलं. "तुमचं काम उत्तम आहे, पण परीक्षेत संहितेबाहेर एक शब्द नको. सगळ्यांना सारखी केस मिळाली पाहिजे. तुम्ही मनचं घालता, मुलं गोंधळतात."

"माणसं मनचंच बोलतात," मी म्हटलं.

"परीक्षेत नाही."

बाईंचा मुद्दा बरोबर होता म्हणून जास्तच राग आला.

त्याआधी सकाळी जिना चढताना मुकी भेटली होती. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी कठडा धरून उभी. ती खालून आली आणि थांबली. पुढे जाईना.

"जा ना बाई, मी काय रस्ता अडवलाय?"

माझा आवाज ऐकून तिचे डोळे मोठे झाले. "तुम्ही... आतल्या आजी?"

"मी कुठलीही आजी नाही. मी स्टाफ आहे."

"रोज असं होतं?"

"रोज जिने असतात, म्हणून रोज होतं."

तिने माझी पर्स घेतली. कुणाला हात लावू देत नाही मी पर्सला. दिली. ती माझ्या एक पायरी मागे चालत होती, मी पडले तर धरता येईल अशी. फाजीलपणा.


३ मार्च, सोमवार

काल दिवसभर पाठ दुखली. अंथरुणातच होते. धाकटीचा फोन आला. उचलणार होते. हात लांब केला तेवढ्यात थांबला वाजायचा. आता आपण होऊन लावायचा म्हणजे आपण नमलो.

गुरुवारची संहिता पाठ केली. सोपी आहे: पाय मोडलेली आजी, उद्या ऑपरेशन, भूल देण्याची भीती. छाती, जबडा काही नाही. सरळ वाचायचं आणि घरी यायचं.


१० मार्च, सोमवार

पलंगावर बसून लिहितेय. खऱ्या पलंगावर. वही पर्समध्येच होती. माझी कवळी बशीत आहे आणि हातात सलाइनची सुई. अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे.

गुरुवारी परीक्षेला बाहेरचे तपासनीस आले होते. ते आणि डायरेक्टरबाई दुसऱ्या खोलीत पडद्यावर बघत बसले होते. सकाळपासून सात-आठ मुलं झाली. मी शब्द न् शब्द संहितेतला बोलले. मुकी शेवटची. तिच्या आधीच पलीकडच्या वॉर्डातल्या बाहुलीचा श्वासाचा पंप बिघडला. बटणवाल्याने आमच्या बाहुलीची नाडी-श्वास ठरावीक गतीवर लावून ठेवले आणि तिकडे धावला. काचेमागे मी एकटी.

मुकी आली. हात धुतले. आणि बोलली! रटाळ, पाठ केल्यासारखं, पण बोलली. "नमस्कार. मी आज तुमची काळजी घेणार आहे." बिचारीने किती सराव केला असेल. छातीवर तळवा ठेवला तो ठेवलाच. मला बरं वाटलं. आणि त्याच क्षणी जबडा आवळला. पाठीत तो पिळा. या वेळी बसले असूनही जाईना.

तिने विचारलं, "उद्याच्या ऑपरेशनची भीती वाटते का?"

मला म्हणायचं होतं, "हो, भूल कशी देतात?" तोंडातून निघालं, "हो... हात... जड झालाय गं."

मी संहितेवर बोट ठेवून पुढचं वाक्य शोधत होते. अक्षरं पुसट. ते दोन शब्द मला ठाऊक होते. पण ते म्हटले तर मुलीची केस अर्धवट राहणार, आणि माझा तमाशा होणार. दोन्हीतलं कुठलं आधी मनात आलं ते आज सांगता येत नाही. शिवाय थोडा वेळ बसलं की जातं, असं मी मनाशी म्हणत होते. बसलेलीच होते.

"घरी कुणाला कळवायचं आहे का?" तिने विचारलं.

"धाकटी बहीण आहे," मी म्हटलं. "मी... बोलत नाही तिच्याशी. तिला सांग..." पुढे श्वास पुरेना.

पडद्यासमोर बसलेल्या डायरेक्टरबाई, बटणवाला नंतर सांगत होता, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घातलंच मनचं शेवटी! एवढं बजावूनही!" तपासनीस म्हणाले, अभिनय मात्र अव्वल आहे.

मुकी बाहुलीकडे बघत होती. बाहुलीची छाती तिच्या तळव्याखाली संथपणे वर-खाली होत होती, लावून दिली होती तशी. आणि उशीतला आवाज धापा टाकत होता. आवाज अडकत होता तेव्हा छाती खुशाल फुगत होती.

तिने हात उचलला. काचेकडे वळली. तिला काचेत स्वतःशिवाय काही दिसत नसणार, पण अगदी माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि ओरडली. त्या मुलीच्या गळ्यात एवढा आवाज आहे हे मला, जन्म आवाजात काढलेल्या बाईला, ओळखता आलं नव्हतं.

"सराव बंद! सराव बंद! आत आजी खरी आहे!"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दार. फरशी गार. कुणीतरी माझ्या ब्लाउजची बटणं सोडतंय आणि मी त्या व्यक्तीला शिस्तीवर व्याख्यान देतेय. पोपटाने स्ट्रेचर आणलं. ते न्यायला लिफ्ट चालू झाली! म्हणजे बंद नव्हतीच, बंद ठेवली होती. याबद्दल मी लिहिणार आहे कुणालातरी.


११ मार्च, मंगळवार

सकाळी एक नवीन नर्स आली. "नमस्कार आजी, मी आज तुमची काळजी घेणार आहे, तुमच्या मनात काही शंका आहे का?" मी तोंड उघडलं तोवर ती शेजारच्या पलंगाशी पोहोचली होती. छताकडे बघत पडून राहिले. छाती वर-खाली होत होती. म्हटलं, हे असं असतं तर त्या बाहुलीचं.

दुपारी बटणवाला पुन्हा आला. संत्री आणली, स्वतःच खाल्ली. तोंड पाडून म्हणाला, केस पूर्ण झाली नाही म्हणून मुकीला गुण देता येत नाहीत. सगळं पुन्हा, एप्रिलमध्ये. डायरेक्टरबाई भांडल्या म्हणे तिच्यासाठी, पण तक्त्यात रकाना नाही.

"मग नवा रकाना आखा!" मी एवढ्या जोरात म्हटलं की शेजारचं यंत्र बोंबलायला लागलं. "आणि त्यांना सांग, एप्रिलमध्ये आवाज माझाच हवा. संहितेतला शब्द न् शब्द बोलेन."

"डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर बोलायचं कमी करा सांगितलंय ना?"

"त्यांनी चढायचं कमी करा सांगितलंय. लिफ्ट आहे."

संध्याकाळी मुकी आली. स्टूल ओढलं आणि बसली. मी मनात पुष्कळ वाक्यं तयार ठेवली होती, आभाराची, थोडी उपदेशाची. तिने माझ्या हातावर, सुई नव्हती त्या जागी, तळवा ठेवला. मी बोलले नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ती उठली. जाताना म्हणाली, "तुमच्या बहिणीला मी कळवलं. रागावू नका. 'तिला सांग' असं तुम्हीच म्हणाला होतात. उशीतून."


१३ मार्च, गुरुवार

धाकटी रोज येतेय. मी शुद्धीवर नव्हते तेव्हाही आणि झोपेचं सोंग घेतलं होतं तेव्हाही. आज सोंग जमलं नाही, शिंक आली.

"उठलीस? बरं झालं. तुझा गाउन आणलाय. आणि ही वही खाली पडली होती, उचलून ठेवलीय. तुझ्या फ्रिजमध्ये काय होतं ते आता विचारू नकोस, टाकून दिलंय."

"वही वाचलीस?"

"तुझं अक्षर वाचायला मला जन्म पुरायचा नाही, ताई."

मग ती बोलत सुटली. नातवाचे दात, नवऱ्याचा खोकला, बसवाला. मी ऐकत होते. मध्येच म्हणाली, "आणि खोली आवरून ठेवलीय. तू फोन आपटलास, पुढचं ऐकलंच नाहीस. मागची का म्हटलं? पुढे दिवसभर टीव्हीचा दणदणाट. तुला आवाज सहन होत नाहीत लहानपणापासून. मागे शांत आहे, खिडकी आहे. माझा पलंग पण तिथेच टाकला असता. तुला नको असेल तर नाही."

मी छताकडे बघितलं. छत चांगलं रंगवलेलं नाही, कोपऱ्यात ओघळ आहे.

ती एकदम गप्प झाली. ती गप्प झाली की मला लहानपणापासून भीती वाटते. पुढे वाकून तिने विचारलं, "कशी आहेस गं?"

"मजेत" जिभेवर तयारच होतं. ते तिथून हलवायला बराच वेळ लागला.

"घाबरलेय," मी म्हटलं.

समोर माइक नव्हता.